कीबोर्डाखालची चिठ्ठी: वाचनालयातल्या सात संगणकांच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

दिवाळी आटोपली, आता कामाला हात घालायला हरकत नाही. वाचनालयात सात डेस्कटॉप आहेत. तीन देवघेवीच्या टेबलावर आणि कार्यालयात, चार वाचन कक्षात. सगळे चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ यांच्यावर रीतसर बसत नाही. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही यादीबाहेरचा. नवे घ्यायला पैसे नाहीत. कार्यकारिणीने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२.२ या फुकट सिस्टिमला होकार दिला, शिवाय प्रत्येकात एक एसएसडी आणि आठ जीबी रॅम. सामान येऊन पडलंय.

आज नुसती पाहणी. सातही ठिकाणी एकच खातं, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क, आणि पासवर्ड कीबोर्डाखाली चिठ्ठीवर. चिठ्ठीवर सेलोटेपचे दोन थर. म्हणजे पहिला निघाला तेव्हा कुणीतरी निगुतीने दुसरा लावलाय. यूएसीची, म्हणजे मोठा बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या विंडोजच्या सोयीची, पट्टी तळाला ओढलेली, म्हणजे बंद. "सुरू ठेवायचं का?" विचारणारी ती खिडकी २००७ मध्ये विस्टाबरोबर आली आणि तेव्हापासून लोक तिच्यावर चिडून आहेत. ग्रंथपाल मॅडमना विचारलं, ही बंद कुणी केली?

"मीच सांगितलं होतं करायला. सारखं विचारत बसतं हो सर. दिवाळी अंकांची रांग लागलेली असते, तेव्हा कोण वाचतंय ते?"

खरंय. पंधरा माणसं पुढ्यात उभी असताना आलेल्या प्रश्नाला उत्तर एकच असतं.

मॅडमना एक कोरा फुलस्केप दिला. नवीन मशीनवर ज्या ज्या वेळी पासवर्ड मागेल त्या वेळी काय करत होतात ते एका ओळीत लिहायचं. माझा पासवर्ड मागायचा नाही, फोन करायचा.

रविवार, २ नोव्हेंबर

देवघेवीचे दोन संगणक झाले. प्रत्येकावर दोन खाती: "व्यवस्था" (माझं, सुडो गटात, म्हणजे ॲडमिनच्या हक्कांसह) आणि "देवघेव" (साधं). रूट म्हणजे सगळे हक्क असलेलं लिनक्सचं मुख्य खातं. त्याला स्वतःचा पासवर्ड नाही, ते कुलूपबंद.

माझ्यानंतर हे ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्यासाठी थोडं लिहून ठेवतो. इथे रूटपर्यंत जायला दोन दारं आहेत. एक सुडो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लिहिला गेला, अजून टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्याचंच राज्य. तो दिलेली अख्खी आज्ञा रूट म्हणून चालवतो. दुसरं दार पोलकिट. यात आपला प्रोग्राम आपल्याच खात्यावर चालतो. मागे रूट म्हणून बसलेल्या एखाद्या सेवेला तो सांगतो, एवढं करून दे. ती सेवा पोलकिटला विचारते, याला करून देऊ का? बँकेत आपण तिजोरीत शिरत नाही, खिडकीतून स्लिप सरकवतो, तसं.

पीकेएक्झेक हे पोलकिटच्या घरातलं, पण वागायला सुडोसारखं: ते अख्खा प्रोग्रामच रूट करतं. जीपार्टेड (डिस्कचे भाग पाडणारा), सिनॅप्टिक (सॉफ्टवेअर बसवणारा), टाइमशिफ्ट (सिस्टिम मागच्या स्थितीत नेणारा) मेनूतून उघडले की पासवर्ड मागतात ते याच वाटेने. नेटवरच्या जुन्या उत्तरांमध्ये त्यासाठी जीकेसुडो वापरा असं सापडेल. मिंट ज्या उबुंटूवर उभं आहे त्या उबुंटूने ते २०१८ च्या १८.०४ आवृत्तीतच काढून टाकलं. शोधत बसू नये.

मिंटच्या टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना चांदण्या दिसतात. इतर बऱ्याच लिनक्समध्ये काहीच दिसत नाही आणि नवा माणूस कीबोर्ड बिघडला समजतो, म्हणून मिंटने ही सोय केली. २०२० च्या सुरुवातीला नेमक्या याच चांदण्यांच्या कोडमध्ये भोक निघालं. सुडोची परवानगी नसलेल्यालाही त्यातून रूट होण्याचा धोका होता. लगेच बुजवलं गेलं. चांदण्या ठेवल्या आहेत.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आज माती खाल्ली.

फुलस्केपवर पहिल्या आठवड्यात सहा ओळी, त्यातल्या चार प्रिंटरच्या. कागद अडकला की छपाईची रांग थांबते, ती परत चालू करायला पासवर्ड मागतं. त्याला उपाय सोपा: एलपीॲडमिन नावाचा गट आहे, त्यात खातं घातलं की प्रिंटर सांभाळायला रूट लागत नाही. खात्याचे गट बदलणारी युजरमॉड आज्ञा चालवली, मोठा जी लावला, गटाचं नाव दिलं. "देवघेव"साठी केलं आणि त्याच झपाट्यात "व्यवस्था"साठीही.

मोठ्या जीच्या आधी छोटा ए लावायचा राहिला.

छोटा ए म्हणजे "आहेत त्या गटांत भर घाल". तो नसला तर अर्थ होतो "यापुढे एवढाच गट, बाकीचे काढ". "व्यवस्था" खातं सुडो गटातून बाहेर पडलं. सत्र चालू होतं तोवर काहीच जाणवलं नाही, प्रिंटर झकास चालला, मॅडमनी चहाही पाजला. संध्याकाळी बंद करून परत चालू केलं तर सुडो म्हणतो, हा वापरकर्ता यादीत नाही. मेनूतून सिनॅप्टिक उघडला. पोलकिटच्या खिडकीत रोज "व्यवस्था" नाव असतं, तिथे "रूट". ॲडमिन गटात कुणीच उरलं नाही की पोलकिट शेवटी रूटचाच पासवर्ड मागतो. आणि तो तर आपण ठेवलेलाच नाही. घराला कुलूप लावून किल्ली आत.

वाचनालयातले काका शटर ओढायला थांबले होते. उद्या बघू म्हटलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी नऊला. मशीन चालू होताना एस्केप, ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू, प्रगत पर्याय, रिकव्हरी मोड, त्यातून रूट शेल, म्हणजे रूटच्या हक्काने आज्ञा द्यायची जागा. डिस्क तिथे फक्त वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, म्हणून आधी ती लिहिण्यासाठी पुन्हा माउंट केली, मग ॲडयूजर आज्ञेने "व्यवस्था"ला सुडो गटात घातलं. रीस्टार्ट. दहा मिनिटांचं काम, पण रात्रभर डोक्याला भुंगा.

यापुढे युजरमॉड वापरणार नाही. "ॲडयूजर, खातं, गट" या साध्या रूपात फक्त भर पडते, काही गळत नाही. दुसरं, हात घालायच्या आधी दुसरी टर्मिनल खिडकी रूट करून उघडी ठेवायची. बदल जमला याची नव्याने लॉगिन करून खात्री झाली की मगच ती बंद. ही सवय नोकरीत सर्व्हरवर मी पाळतो. वाचनालयाचा डेस्कटॉप म्हणून ढिलाई केली.

मागे उभे राहून काका सगळं बघत होते. म्हणाले, "म्हणजे दादा, पासवर्ड नसला तरी आत जाता येतं की." येतं. समोर बसलेल्या माणसाला थांबवणं अवघड असतं. वाचन कक्षातल्या चारही मशीनवर ग्रबला पासवर्ड लावायचा, यादीत लिहिलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सातही झाले. फुलस्केप भरला. मॅडमचं अक्षर सुंदर आहे, तारखेसकट चौदा ओळी. त्या घेऊन बसलो.

चार प्रिंटरच्या, त्या सुटल्या.

तीन फॉन्टच्या. सभासद लग्नपत्रिका, संस्थेचे अहवाल घेऊन येतात, ते श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात आणि उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. विंडोजमध्ये फॉन्ट बसवायचा म्हणजे ॲडमिन लागणार हे मॅडमच्या अंगवळणी पडलेलं, म्हणून त्यांनी सिस्टिमच्या फोल्डरात टाकायचा प्रयत्न केला. गरज नाही. आपल्याच होम फोल्डरात फॉन्टसाठी लपलेली जागा असते, तिथे ठेवला की त्या खात्यापुरता चालतो. डेस्कटॉपवर तिथे जाणारा शॉर्टकट करून दिला.

तीन अपडेटच्या. अपडेट मॅनेजरमध्ये स्वयंचलित अपडेटची खूण केली. खूण करताना एकदाच पासवर्ड, नंतर रूटच्या हक्काने काम आपोआप होतं, कुणी समोर बसायला नको. यात मी आळस करणार नाही. २५ जानेवारी २०२२ ला पीकेएक्झेकमधली मोठी खोट जाहीर झाली होती. २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून ती तिथेच होती, बारा वर्षं कुणाला दिसली नाही. कोणत्याही साध्या खात्याला पासवर्डशिवाय रूट होता येत होतं. वाचन कक्षातलं खातं कितीही साधं ठेवलं तरी दारावरचा रखवालदारच फितूर असेल तर काय उपयोग? अपडेट येईपर्यंत लोकांनी तेव्हा पीकेएक्झेकचा सेटयूआयडी बिट (कुणीही चालवलं तरी प्रोग्रामला रूटचे हक्क देणारी खूण) काढून दिवस काढले होते.

दोन ओळी जुन्या हार्ड डिस्कच्या. जुने अहवाल स्कॅन करून तिच्यावर ठेवलेत. ती कार्यालयातल्या मशीनच्या आत जोडून दिली आहे. पेनड्राइव्ह लावला की मुकाट उघडतो आणि आतली डिस्क मात्र पासवर्ड मागते, हे काय म्हणून? पोलकिटच्या लेखी दोन्ही वेगळ्या क्रिया आहेत. समोर बसलेल्या माणसाने स्वतः आणलेलं उघडावं, पण मशीनच्या पोटातलं उघडायला मालकाला विचारावं. नियम बदलायच्या भानगडीत पडलो नाही. एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलीत एक ओळ घातली, डिस्क चालू होतानाच जोडली जाते.

ही ओळ घालताना एक्सेड एडिटर रूट म्हणून उघडला नाही. फाइलच्या पत्त्याच्या आधी "ॲडमिन", कोलन आणि दोन तिरप्या रेघा लावल्या की एडिटर साधाच राहतो आणि फक्त फाइल वाचण्या-लिहिण्याचं काम रूटवाली सेवा करते. पुन्हा तीच बँकेची खिडकी.

उरल्या दोन ओळी, घड्याळाच्या. पुढच्या आठवड्यात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

देवघेवीचा दुसरा संगणक. सकाळी साडेदहाला उघडतो तेव्हा त्याच्या घड्याळात काल संध्याकाळ असते. नेट आलं की आपोआप सुधारतं, पण राउटर जागा होईपर्यंत दिलेल्या पुस्तकांवर आदल्या दिवसाची तारीख पडते. मॅडम घड्याळ हाताने लावायला जातात आणि पासवर्डवर अडतात.

मी उत्साहाने पोलकिटचा नियम लिहायला बसलो. पीकेॲक्शन या आज्ञेला तपशिलासह विचारलं की प्रत्येक क्रियेचं नाव आणि तिला काय लागतं ते दिसतं. वेळ बदलायला "ऑथ ॲडमिन कीप", म्हणजे ॲडमिनचा पासवर्ड, आणि तो थोडा वेळ लक्षात ठेवायचा. माझ्याकडे जुन्या मशीनवरची पीकेएलए प्रकारची नियमाची फाइल होती, ती टाकली. ढिम्म. उबुंटू २२.०४ पर्यंत पोलकिटची आवृत्ती ०.१०५ होती, त्यात ती चालायची. २४.०४ मध्ये, म्हणजे आपल्या मिंट २२ मध्येही, नियम जावास्क्रिप्टमध्ये लिहायचे. लिहिला. चार ओळींचं फंक्शन: क्रियेचं नाव हे असेल आणि माणूस "देवघेव" गटातला असेल तर हो म्हण. चालला. स्वतःवर खूश.

मग काकांनी विचारलं, "सेल गेला असेल का दादा त्याचा? आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचं तसंच होतं."

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल. घड्याळ्याच्या दुकानातून आणला, बदलला. घड्याळ ठीक. नियमाची फाइल पुसली.

रविवार, ३० नोव्हेंबर

काल मॅडमचा फोन. "नोव्हेंबरच्या जमेच्या फाइलीत लिहून ठेवता येत नाहीये. फक्त वाचता येते म्हणतंय."

आज येऊन बघितलं. "जमा-नोव्हेंबर" फोल्डरचा मालक रूट, गट रूट. आतल्या तीन फाइलींचंही तेच. कुणी केलं? मीच, पण मॅडमच्या हातून. गेल्या रविवारी टाइमशिफ्ट लावताना मी निमोमध्ये (फोल्डर उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये) उजवं बटण दाबून "रूट म्हणून उघडा" केलं होतं आणि खिडकी तशीच सोडून चहाला गेलो. वर लाल पट्टी असते, त्यावर जादा हक्क चालू असल्याचं लिहिलेलं असतं. मॅडमना वाटलं, नवीन डिझाइन. त्याच खिडकीत त्यांनी फोल्डर तयार केलं आणि ऑक्टोबरच्या फाइली त्यात कॉपी केल्या. खिडकी रूटची, म्हणून बाळंही रूटची.

मालक बदलणाऱ्या चोन आज्ञेने मालकी परत दिली. ही आज्ञा मी कधीही घाईत देत नाही. मोठा आर लावला की ती खालच्या प्रत्येक फोल्डरात शिरते, आणि पत्त्याच्या पहिल्या तिरप्या रेघेनंतर चुकून एक जागा सुटली तर ती अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलत सुटेल. टाइप केलं, हात कीबोर्डावरून काढला, मोठ्याने वाचलं, मग एंटर.

याच जातीचा, पण जास्त छळणारा प्रकार लॉगिनचा. रूट म्हणून चाललेल्या खिडकीवाल्या प्रोग्रामने आपल्या होम फोल्डरातली एक्स-ऑथॉरिटी (पडद्यावर खिडक्या उघडायच्या परवानगीची) फाइल स्वतःच्या नावावर केली की दुसऱ्या दिवशी पासवर्ड बरोबर टाकूनही पडदा काळा होतो आणि परत लॉगिनवरच आणून सोडतो. माणूस पासवर्डवर संशय घेत बसतो. पूर्वी उबुंटूत सुडो आपलं होम तसंच ठेवायचा, म्हणून असले उद्योग जास्त व्हायचे. १९.१० पासून तो रूटचं होम धरतो. तरीही नियम एकच: सुडो लावून खिडकीवाला प्रोग्राम उघडायचा नाही.

मॅडमना लाल पट्टी दाखवली. म्हणाल्या, "मग चहाला जाताना ती बंद करत जा ना सर."

शनिवार, १३ डिसेंबर

बॅकअप. रोज संध्याकाळी देवघेवीच्या फाइली कार्यालयातल्या डिस्कवर जायला हव्यात. स्क्रिप्ट लिहिली, "देवघेव" खात्याच्या होम फोल्डरात ठेवली, आणि ती पासवर्डशिवाय रूट म्हणून चालावी म्हणून सुडोअर्सच्या डी फोल्डरात, जिथे सुडोचे नियम असतात तिथे, एक ओळीची फाइल केली. व्हिसुडोनेच, तो वाक्यरचना तपासतो, चुकीची फाइल बसू देत नाही. फाइल बरोबर, हक्क ०४४०, तरी पासवर्ड मागतोय. तास गेला. फाइलीच्या नावात टिंब होतं. त्या फोल्डरातल्या ज्या फाइलीच्या नावात टिंब असतं ती सुडो वाचतच नाही, तक्रारही करत नाही. बॅकअप-फाइली आणि पॅकेजांचे उरलेसुरले तुकडे चुकून नियम होऊ नयेत म्हणून ही युक्ती. टिंब काढलं, चाललं.

बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. स्क्रिप्ट "देवघेव"च्या होममध्ये आहे, म्हणजे "देवघेव" ती बदलू शकतं. आत काहीही लिहा, सुडो ते रूट म्हणून बिनपासवर्ड चालवेल. चिठ्ठी कीबोर्डाखालून काढली आणि मीच ती होम फोल्डरात चिकटवली.

रविवार, १४ डिसेंबर

आधी ठरवलं होतं, स्क्रिप्ट यूएसआर-लोकल-एसबिनमध्ये हलवायची, मालक रूट, बाकीच्यांना फक्त चालवण्याचा हक्क. सुडोच्या नियमात पूर्ण पत्ता द्यायचा, तारांकित चिन्हं नकोत. आणि एडिटर किंवा पाने उलटून दाखवणारा प्रोग्राम सुडोतून कुणाला द्यायचा नाही, त्यांच्या आतून शेल उघडता येतं.

हे सगळं लिहून झाल्यावर प्रश्न पडला, हिला रूट हवंय कशाला? फाइली "देवघेव"च्याच. अडचण फक्त डिस्कवर लिहिण्याची. तिथे "बॅकअप" फोल्डर करून मालकी "देवघेव"ला दिली. स्क्रिप्ट आता साध्या खात्यातून क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सेवेने, सव्वासातला चालते. सुडोअर्समधली फाइल काढली.

जाता जाता: शेजारच्या मशीनवरून एसएसएचने (दुरून लॉगिन करून) कार्यालयातला संगणक बंद करायला गेलो तर पासवर्ड मागितला. त्याच खात्याने समोर बसून बंद केला तर काही विचारत नाही. पोलकिट समोर बसलेला आणि दुरून आलेला यांत फरक करतो. दुरून बंद केला आणि तिथे कुणी अहवाल टाइप करत असलं तर? हे मला पटलं. तसंच ठेवलं.

शनिवार, ३ जानेवारी २०२६

सातही मशीनच्या नोंदवह्या जर्नलसीटीएल या आज्ञेने चाळल्या. सुडो प्रत्येक आज्ञा लिहून ठेवतो: कोण, कुठल्या फोल्डरातून, काय. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सगळ्या नोंदी माझ्या. एक सोडून: वाचन कक्ष तीन, २७ तारीख, दुपार, साध्या खात्यातून सुडोचा प्रयत्न, नाकारला. स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात तिथे. कुणीतरी कुठेतरी वाचलेली आज्ञा जशीच्या तशी टाइप केली होती, पॅकेज बसवायची, पायथनचं. ज्याने केलं त्याला शोधून काढायचं नाही. मॅडमना सांगितलं, कुणाला पायथन शिकायचं असेल तर रविवारी मला भेटायला सांगा, होममध्ये बसवून देतो.

पासवर्ड लागणारी कामं आता तीन: सिस्टिमभर नवं सॉफ्टवेअर, नवीन खातं, टाइमशिफ्टने मागे जाणं. "व्यवस्था"चा पासवर्ड पाकिटात घालून, लाखेऐवजी डिंक लावून, सचिवांच्या कपाटात. पाकीट फोडलं तर तारीख आणि सही.

मॅडम जुन्या कीबोर्डाखालची चिठ्ठी नखाने खरवडत होत्या. वरचा थर निघाला, खालचा निघेना. काका घासलेट आणायला गेलेत.